खानापूरचा पाऊस, अथणीचे ऊन आणि नवा फ्रिज

यंदा आमच्या घरी आणि अथणीला आक्काकडे, दोन्हीकडे एकाच महिन्यात फ्रिज घ्यायचा ठरला. आमचे घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर. आषाढात चार-चार दिवस ऊन दिसत नाही आणि कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते. आक्काच्या घरावर पत्रा आहे, एप्रिलच्या दुपारी तिच्या स्वयंपाकघरात उभे राहवत नाही. जिल्हा दोन्हींचा एकच, बेळगाव. दुकानही एकच ठरले, खडे बाजारातले. आक्का म्हणाली, "शाळेत विज्ञान शिकवतोस ना? मग एक चांगले मॉडेल बघ आणि दोन्ही घरांना तेच घे. भाव तरी कमी करून मिळेल." मी दोन संध्याकाळी वही घेऊन बसलो आणि शेवटी दोन घरांना दोन वेगळे फ्रिज घेतले. ते का, हे नीट सांगण्यासारखे आहे.

सुरुवात माठापासून करतो. खानापूरची माती कुंभारकामाला नावाजलेली, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही इथेच आहे. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, बाहेर येऊन उडून जाते आणि उडताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेते. दहा लिटरच्या माठातले फक्त १०० मिलिलिटर पाणी असे उडाले, तर उरलेले पाणी जवळजवळ ६ अंशांनी थंड होऊ शकते. एवढ्याशा पाण्याची ही ताकद! पण हवा आधीच ओलीगच्च असेल तर पाणी उडणार कुठे? म्हणून अथणीत एप्रिलमध्ये माठातले पाणी दाताला लागते आणि आमच्याकडे जुलैत तोच माठ नुसते पाणी साठवायचे भांडे होतो.

फ्रिज याच माठाचा पुढचा अवतार आहे. त्याच्या नळ्यांतून जो द्रव फिरतो, तो पाण्यापेक्षा खूप लवकर उकळतो. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, तो साध्या वातावरणाच्या दाबाला उणे १२ अंशांच्या आसपासच उकळतो. फ्रिजच्या आतल्या बाजूच्या नळीत तो उकळतो आणि दुधातली, भाजीतली उष्णता उचलतो. माठाचे पाणी एकदा हवेत गेले की गेले. फ्रिज मात्र ती वाफ परत पकडतो. कॉम्प्रेसर तिला दाबून गरम करतो, मग बाहेरच्या बाजूच्या नळ्यांत ती आपली उष्णता स्वयंपाकघरात सोडून देते, पुन्हा द्रव होते आणि बारीक नळीतून आत येते. १८३४ साली जेकब पर्किन्सने लंडनमध्ये ईथर वापरून अशा यंत्राचे पेटंट घेतले. मूळ कल्पना अजून तीच आहे.

म्हणजे फ्रिज गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हे एकदा मनात बसले की दुकानातले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. नव्या फ्रिजच्या दोन्ही बाजू हाताला गरम लागतात म्हणून लोक घाबरतात. पूर्वी मागे दिसणारी काळी जाळी आता बऱ्याच मॉडेलांत बाजूच्या पत्र्याच्या आत गेली आहे, ती उष्णता तिथूनच बाहेर पडते. म्हणून बाजूला भिंतीपासून जागा सोडायची आणि वर जाड कापडाचे झालर लावलेले आच्छादन टाकायचे नाही.

आता आक्काच्या पत्र्याचा विचार करू. बाहेरची उष्णता फ्रिजच्या भिंतींतून सतत आत झिरपत असते आणि झिरपण्याचा वेग आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतो. शिवाय तेवढीच उष्णता बाहेर टाकायला लागणारी किमान ऊर्जाही त्याच फरकाच्या प्रमाणात वाढते. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली वाफेच्या इंजिनाविषयी जे मांडले, त्यातून हे निघते. फरक असा दोनदा मोजला जातो. फ्रिजच्या आत ४ अंश आणि स्वयंपाकघरात २८, तर फरक २४. फ्रिज शेगडीला खेटून ठेवला आणि तिथली हवा ३८ झाली, तर फरक ३४. ३४ भागिले २४ म्हणजे १.४२, आणि १.४२ गुणिले १.४२ म्हणजे २. दहा अंश वाढले आणि किमान लागणारी वीज दुप्पट! बर्फाच्या कप्प्यात उणे १८ धरले तर हीच वाढ दीडपटीच्या आसपास येते, आणि खरे यंत्र या हिशेबाइतके चोख नसते. तरी मी हा हिशेब मांडला तेव्हा आक्काने त्याच दिवशी फ्रिजची जागा बदलली. शेगडीजवळचा कोपरा सोडून आतल्या खोलीच्या भिंतीकडे, जिथे पश्चिमेचे ऊन येत नाही.

तिच्यासाठी आणखी एक गोष्ट बघितली, ती दुकानात सहसा कुणी दाखवत नाही. फ्रिजच्या मागे किंवा आत एक छोटी पट्टी असते. तिच्यावर 'एन', 'एसटी', 'टी' अशी हवामानाच्या वर्गाची अक्षरे असतात. 'एन' म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या खोलीत, 'एसटी' म्हणजे ३८ पर्यंत आणि 'टी' म्हणजे ४३ पर्यंत नीट काम करेल असे यंत्र. पत्र्याखालच्या घराला 'टी'च हवा. आमच्या घराला 'एन'नेही भागले असते.

आमची अडचण ओलाव्याची. फ्रिजचे दार उघडले की आतली थंड, जड हवा खाली ओघळते आणि खोलीतली हवा आत शिरते. पावसाळ्यात २४ अंशांच्या ओलसर हवेत घनमीटरमागे २० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते, आणि ४ अंशांना हवा जेमतेम ६ ग्रॅम धरू शकते. एका उघडझापीत १०० लिटर हवा बदलली असे धरा, तर सुमारे १.४ ग्रॅम पाणी आत राहते. दिवसाला ३० वेळा दार उघडले तर ४० ग्रॅम, महिन्याला सव्वा किलो. यातले काही थेंब होऊन निथळते, बाकी बर्फाच्या कप्प्याभोवती गोठते. अथणीत ४० अंशांच्या कोरड्या हवेत, आर्द्रता २० टक्के धरली, तर घनमीटरला १० ग्रॅम वाफ असते. त्याच हिशेबाने तिथे महिन्याला साडेतीनशे ग्रॅमच जमते. आमच्या जुन्या फ्रिजमध्ये श्रावणात बर्फाचा कप्पा उघडायचा म्हणजे हातभर चमचा घेऊन खोदकाम चालायचे. (असे कधी करू नका, आतली नळी फुटते आणि गॅस जातो.) हा भुसभुशीत बर्फ हवा धरून ठेवतो, त्यामुळे नळीवर गोधडी पांघरल्यासारखे होते. उष्णता नळीपर्यंत पोचत नाही आणि कॉम्प्रेसर धापा टाकत राहतो.

डायरेक्ट कूल आणि फ्रॉस्ट फ्री यांतली निवड मी यावरूनच केली. डायरेक्ट कूलमध्ये थंड नळी बर्फाच्या कप्प्याभोवतीच असते, बर्फ साठतो आणि तो आपण बटण दाबून वितळवायचा. फ्रॉस्ट फ्रीमध्ये नळी पडद्याआड असते, पंखा थंड हवा फिरवतो आणि ठरावीक वेळाने एक छोटा हीटर नळीवरचे हिम वितळवून पाणी मागच्या थाळीत सोडतो. पंखा आणि हीटर दोन्हींना वीज लागते, फिरत्या हवेने उघडी कोथिंबीरही लवकर कोमेजते. तरी आमच्या पावसाला फ्रॉस्ट फ्रीच बरा. आक्काला सिंगल डोअरचा डायरेक्ट कूल पुरेसा होता. तो स्वस्त, यंत्र साधे, आणि खाली कांद्या-बटाट्यांचा ड्रॉवर.

ताऱ्यांबद्दल माझे मत जरा कडक आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलवरचे तारे त्याच प्रकारच्या आणि आकाराच्या फ्रिजशी तुलना करून दिलेले असतात. मोठा पंचतारांकित फ्रिज लहान तीनताऱ्यांपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. निकषही काही वर्षांनी कडक होतात, म्हणून लेबलवरचे वर्ष बघायचे. नजर ठेवायची ती वर्षाला किती युनिट या आकड्यावर. इकडे तर त्याला वेगळेच महत्त्व आहे. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत घराची फुकट विजेची मर्यादा आधीच्या वापराच्या सरासरीवर, थोडी वाढ धरून ठरली आहे, आणि महिन्याला २०० युनिट ओलांडले की पूर्ण बिल भरावे लागते. वर्षाला १५० आणि २४० युनिट अशा दोन फ्रिजमधला फरक महिन्याला साडेसात युनिटांचा. काठावरच्या घराला तेवढेही जड जातात. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पाहुण्यांकडे ही योजना नाही, पण तिकडे वापर वाढला की वरच्या स्लॅबचा दर लागतो, म्हणजे आकडा बघायला त्यांनाही हवाच.

दुकानात आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका काकूंनी विचारले, "इन्व्हर्टर फ्रिज म्हणजे लाईट गेली तरी चालतो ना हो?" हा घोटाळा घरोघरी आहे. तो इन्व्हर्टर वेगळा, आपला बॅटरीवाला वेगळा. जुना कॉम्प्रेसर एकाच वेगाने पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. सुरू होताना क्षणभर तो नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो, रात्री दार बंद असताना तो हळूहळू फिरत राहतो. वेग कमी म्हणजे उष्णता सोडायला निवांत वेळ, म्हणून वीजही कमी लागते. सुरुवातीचा झटका नसल्याने घरच्या बॅटरीलाही तो झेपतो, एवढाच दोन इन्व्हर्टरांचा संबंध. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या गावात राहत असाल तर फ्रिज किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते कागदावर बघून घ्या. स्टॅबिलायझर लागेल की नाही हे त्यावर ठरते.

लाईट गेल्यावर खरा आधार बर्फाचा. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता गिळतो. वर्षाला १५० युनिट घेणारा फ्रिज सरासरी १७ वॅटवर चालतो, आणि खर्चलेल्या विजेच्या दीडपट उष्णता बाहेर टाकतो असे धरले, तर आत झिरपणारी उष्णता २६ वॅटच्या आसपास येते. बर्फाच्या कप्प्यात एकेक लिटरच्या दोन बाटल्या गोठवून ठेवल्या तर त्या वितळायला कागदावर सात तास लागतात. दार उघडले की हे गणित लगेच मोडते. पावसात झाड तारेवर पडले की आमच्याकडे अर्धा दिवस सहज जातो, म्हणून नव्या फ्रॉस्ट फ्रीमध्येही या दोन बाटल्या कायम असतात. पाणी गोठताना फुगते, त्या पूर्ण भरू नका.

आयसोब्युटेन पेट घेणारा वायू आहे, त्यामुळे काहींना धास्ती वाटते. घरगुती फ्रिजमध्ये तो साधारण ५० ग्रॅम असतो, आणि शेजारच्या सिलिंडरमध्ये त्याच्याच नात्यातला वायू १४.२ किलो. पूर्वीच्या फ्रिजमधले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनचा थर खात होते, ते १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू गेले. नंतर आलेला आर-१३४ए हा वायू ओझोनला निरुपद्रवी, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून जास्त पट. आयसोब्युटेनमध्ये हे दोन्ही दोष जवळजवळ नाहीत. फक्त दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला कोणता गॅस आहे ते आधी सांगा, आणि तो काम करताना शेगडी बंद ठेवा.

किती लिटरचा घ्यायचा हे ठरवताना आत काय ठेवायचे नाही हेही बघावे. आपल्या पश्चिम भागातली रताळी फ्रिजमध्ये ठेवली की बिघडतात. १२-१३ अंशांखाली त्यांच्या पेशींना इजा होते आणि शिजवली तरी मधला भाग टणक राहतो. बटाट्यातल्या पिठाची थंडीत साखर होते, तळताना तो काळपट पडतो. केळ्याची साल काळवंडते. हे सगळे बाहेर टोपलीत ठेवले तर चौघांच्या घराला फार मोठा फ्रिज लागत नाही. दुधाच्या पिशव्या, दही, उरलेली आमटी, आणि कुणी बेळगावातून आणला तर कुंदा.

आक्काचा फ्रिज टेम्पोतून आडवा आला होता, म्हणून काही तास उभा ठेवूनच चालू केला. कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत गेलेले असते, ते परत खाली यावे लागते. मग दारात दहाची नोट अडकवून ओढून बघितली. नोट चारही बाजूंना घट्ट बसली, म्हणजे रबरी गास्केट ठीक. दुसऱ्या दिवशी मी तिथेच होतो, तेव्हा दार किती वेळा उघडले ते मोजले. एकतीस वेळा, त्यात सतरा वेळा निव्वळ पाण्यासाठी. संध्याकाळी आक्काने माळ्यावरून जुना खानापुरी माठ काढला, घासून धुतला, आणि फ्रिजपासून दोन हातांवर खिडकीच्या वाऱ्यात तिवईवर ठेवला.