दूरस्थ फिजिओथेरपी : सेवावंचित समुदायांतील दीर्घकालीन वेदनांसाठी नियोजन

फिजिओथेरपिस्टने फोन, व्हिडिओ कॉल किंवा ध्वनिमुद्रित संदेशांच्या आधारे रुग्णाची तपासणी करणे, त्याला व्यायाम ठरवून देणे व त्याचा पाठपुरावा करणे म्हणजे दूरस्थ फिजिओथेरपी. प्रस्तुत नोंदीत, तज्ज्ञांची सेवा सहसा न पोचणाऱ्या समुदायांसाठी तिची आखणी कशी करतात एवढ्यापुरता विचार केला आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा वरचेवर उद्भवणारी वेदना दीर्घकालीन समजतात. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिला स्वतंत्र स्थान मिळाले आहे.

या पद्धतीचा आरंभ नेमका कोठून धरावा याविषयी एकमत नाही. काही लेखक डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हेन यांनी १९०५ च्या सुमारास रुग्णालयातून सुमारे दीड किलोमीटरवरील प्रयोगशाळेत तारेने पाठविलेल्या हृदयालेखापर्यंत (ईसीजी) मागे जातात. पण तो दूरवैद्यकाचा (टेलिमेडिसिनचा) पूर्वेतिहास झाला. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील मनोरुग्णालयात १९५९ च्या आसपास दुतर्फा दूरचित्रवाणीवरून झालेले उपचार आणि बॉस्टनमधील रुग्णालय व विमानतळ यांना जोडणारी १९६८ ची व्यवस्था हे टप्पेही सांगितले जातात. त्यांत रुग्णाशी थेट संवाद होता, व्यायामोपचार मात्र नव्हता. दूरस्थ पुनर्वसन हे स्वतंत्र क्षेत्र १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेत त्यासाठी संशोधन केंद्राला शासकीय निधी मिळू लागल्यावर आकाराला आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात गुडघा-प्रत्यारोपणानंतरच्या रुग्णांवर झालेल्या कामाने (२०११) त्याला चाचणीचे बळ दिले. दीर्घकालीन वेदनेकडे लक्ष वळले ते बहुतांशी त्यानंतर.

हाताने सांधे हलवणाऱ्या उपचारकाचे काम दुरून कसे व्हावे, हा आक्षेप जुना आहे. दीर्घकालीन वेदनेत तो तितकासा लागू पडत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७६ मध्ये सविस्तर मांडलेल्या वर्तनात्मक पद्धतीत व्यायाम दुखेपर्यंत करायचा नसतो. आधी ठरवलेल्या संख्येपर्यंत करायचा असतो आणि ती संख्या हळूहळू वाढवायची असते. दुखले म्हणून थांबणे आणि बरे वाटले म्हणून एकाच दिवशी सगळी कामे उरकणे, या दोन्ही सवयी मोडाव्या लागतात. हे काम मुख्यतः बोलण्याने होते.

तपासणीची गोष्ट वेगळी. २०१७ च्या एका पद्धतशीर आढाव्यानुसार वेदनेची तीव्रता, सूज, सांध्यांची हालचाल, स्नायूंचे बळ, तोल व चाल यांचे दुरून केलेले मोजमाप समोरासमोरच्या मोजमापाशी चांगले जुळते. कंबरेच्या कण्याची ठेवण, मज्जातंतूंवर ताण देऊन पाहण्याच्या चाचण्या आणि अस्थिरोगातील विशेष चाचण्या यांत मात्र मेळ कमी पडतो. म्हणून कुशल उपचारक चाचणीच बदलतो. उदाहरणार्थ, अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येते ते पाहताना खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली, हात छातीवर घडी घातलेले, आणि कॅमेरा बाजूने, संपूर्ण शरीर दिसेल एवढ्या अंतरावर ठेवलेला असावा लागतो. फोन टेकवायला काही नसेल तर घरातील कोणाला तरी तो धरायला सांगतात. तो माणूस बहुधा पाय दाखवायचे विसरून चेहराच दाखवत राहतो, आणि संख्या तोंडीच मोजून घ्यावी लागते.

परिणामकारकतेचा पुरावा गुडघेदुखीत सर्वांत भक्कम आहे. ऑस्ट्रेलियातील ३९४ रुग्णांच्या, २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हिडिओवरील पाच भेटी प्रत्यक्ष भेटींच्या तुलनेत कमी ठरल्या नाहीत. त्यामुळे काही अभ्यासक व्हिडिओ हेच मानक माध्यम मानतात. परंतु अशा चाचणीत भाग घेणाऱ्याकडे साधन आणि जोडणी आधीच असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगातील सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटबाहेर होते. केवळ फोनवरून दिलेल्या व्यायाम-सल्ल्याने गुडघ्याची कार्यक्षमता सुधारली, वेदनेवरील परिणाम मात्र तितका स्पष्ट दिसला नाही, असे २०२० च्या एका चाचणीत आढळले. तरीही सेवावंचित समुदायात साधा फोन पाया आणि व्हिडिओ जोड, असा क्रम ठेवणेच श्रेयस्कर. उलट क्रमाने आखलेली योजना ज्यांची गरज कमी त्यांच्यापर्यंतच आधी पोचते. ब्रिटिश डॉक्टर ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये मांडलेला व्यस्त सेवेचा नियम, म्हणजे चांगल्या सेवेची उपलब्धता गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते हे निरीक्षण, येथे जसेच्या तसे लागू होते.

नियोजनात पहिला निर्णय रुग्ण येणार कोठून, हा. समुदायातील प्राथमिक आरोग्य केंद्राने पाठवलेला रुग्ण टिकण्याची शक्यता अधिक, कारण ओळखीचा माणूस मध्ये असतो. अमेरिकेतील यूटा राज्यात ‘बीटपेन यूटा’ या प्रकल्पाने कंबरदुखीसाठी हाच मार्ग घेतला आणि स्पॅनिश बोलणाऱ्या रुग्णांसाठीही सोय ठेवली. दुभाषा लागणार असेल तर भेटीची वेळ आधीच वाढवून धरावी. घरातील मुलाकडून भाषांतर करून घेणे टाळावे, कारण झोप, दारू, नैराश्य यांविषयीचे प्रश्न त्याच्यासमोर विचारता येत नाहीत. एका खोलीच्या घरात एकांत नसतो. तेथे होय-नाही अशी उत्तरे पुरतील असे प्रश्न तयार ठेवतात.

सुरक्षिततेसाठी प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला रुग्ण सध्या कोठे आहे आणि जवळ कोण आहे हे विचारतात. कॉल तुटला तर कोण कोणाला लावणार, हेही तेव्हाच ठरते. लघवी अडकणे, दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागाची संवेदना जाणे, पायातील बळ झपाट्याने कमी होणे ही लक्षणे दिसताच दूरस्थ उपचार थांबवून रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठवावे लागते. ताप, कारणाविना घटणारे वजन किंवा नुकताच झालेला आघात असेल तर प्रत्यक्ष तपासणी आधी, व्यायाम नंतर. त्यामुळे पाठवायचे रुग्णालय आधीच ठरलेले नसेल तर योजना सुरूच करू नये.

प्रगती मोजण्यासाठी वेदनेची तीव्रता, जगण्यातील आनंद आणि दैनंदिन कामे यांवर तीन प्रश्न विचारणारी, शून्य ते दहा गुणांची ‘पेग’ मापनश्रेणी (२००९) सोयीची ठरते. ती फोनवर काही मिनिटांत पुरी होते आणि वाचता येणे आवश्यक नसते. गुणांइतकीच गळतीची नोंद महत्त्वाची : पहिल्या कॉलनंतर कोण परतले नाही, त्यांची भाषा कोणती, फोन स्वतःचा की उसना. परवाना आणि मोबदला यांचे नियम देशागणिक, काही ठिकाणी प्रांतागणिक वेगळे आहेत.