वेताचा वक्र

गाय व्याल्यापासून आटेपर्यंत तिचे रोजचे दूध कसे चढते-उतरते हे दाखवणारी रेषा म्हणजे वेताचा किंवा दुग्धोत्पादनाचा वक्र. चीक संपला की दूध वाढते, काही आठवड्यांत शिगेला पोहोचते आणि मग सावकाश उतरते. तुलनेसाठी वेत ३०५ दिवसांचे धरतात. रोज दूध मोजणे बहुतेक गोठ्यांना परवडत नाही. महिन्यातून एकदा सकाळ-संध्याकाळची धार मोजली की वेतात दहाएक आकडे मिळतात. मधले दिवस सूत्राने भरायचे.

सर्वांत रुळलेले सूत्र पी. डी. पी. वुड यांचे, १९६७ सालचे. दिवसाला 'ब' हा घात देऊन 'अ'ने गुणायचे आणि त्याला 'क' या वेगाने ओसरणाऱ्या घातांकी पदाने पुन्हा गुणायचे. 'ब' चढ सांगतो, 'क' उतार; शिखराचा दिवस म्हणजे ब भागिले क. समजा अ २.२, ब ०.२ आणि क ०.००५ आला, तर शिखर ४०व्या दिवशी, सुमारे पावणेचार लिटरचे; २००व्या दिवशी दूध सव्वादोन-अडीच लिटरांच्या मध्ये. दिवसांऐवजी आठवडे धरले तर 'ब' तोच राहतो, पण 'क' सातपट होतो. दोन तक्ते शेजारी ठेवताना हमखास फसगत होते ती इथेच.

'आर' या संख्याशास्त्राच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नोंदींवर हे सूत्र बसवण्याचे काम दोन वाटांनी होते. दोन्ही बाजूंचा लॉग (लॉगॅरिदम) घेतला की सूत्र सरळ रेषेसारखे सुटते आणि 'एलएम' ही सरळ रेषा बसवणारी आज्ञा पुरते. मात्र शून्य दुधाचा लॉग निघत नाही. 'एनएलएस' ही दुसरी आज्ञा मूळ सूत्रच बसवते, पण त्याला सुरुवातीचे अंदाज द्यावे लागतात. ते मनाने दिले तर 'सिंग्युलर ग्रेडियंट' अशी चूक दाखवून गाडी बऱ्याचदा अडते. लॉगवाल्या वाटेची उत्तरेच अंदाज म्हणून दिली की बहुधा सुटते.

मराठवाड्यात खरी अडचण संगणकाच्या अलीकडे, दावणीला आहे. लातूर-उदगीरकडची देवणी आणि नांदेड-कंधारकडची लाल कंधारी वासरू लावल्याशिवाय सहसा पान्हा सोडत नाही. एखादे सड वासरासाठी राखतात, शेवटचे दूधही तेच पिते. वहीत 'सकाळी दीड, संध्याकाळी एक' असे लिहिले जाते ते बादलीतले दूध, कासेतले नव्हे. वासराचा वाटा वहीत येत नसल्याने वक्राचा खरा चढ नोंदीत नीट उतरत नाही. कधी 'ब' शून्याजवळ किंवा उणे येतो, म्हणजे शिखर नसलेला, पहिल्या दिवसापासून घसरणारा वक्र. अशा गाईला 'दोषपूर्ण' म्हणून तक्त्यातून वगळण्याची घाई करू नये. नोंद कशी घेतली ते आधी विचारावे. वासराचे वजन दूध पिण्याआधी आणि प्यायल्यानंतर करून त्याने प्यायलेले दूध मोजता येते, पण त्या खटपटीला तयार गोठे थोडे.

दुसरी गोष्ट वैरणीची. फाल्गुनात व्यालेली गाय उन्हाळाभर कडब्यावर असते; पाऊस पडून हिरवे मिळू लागले की दूध पुन्हा चढते. वुडच्या सूत्रात दोन शिखरे बसतच नाहीत, ते दोन्ही उंचवट्यांच्या मधून एकच गुळगुळीत रेघ ओढते. नोंदींतून वक्राचे आकडे वजा करून उरलेले फरक महिन्यांप्रमाणे मांडले की आषाढातली उसळी स्वच्छ दिसते.

ज्या गाईच्या चारच नोंदी आहेत तिच्यासाठी 'आर'च्या 'एनएलएमई' पॅकेजातले मिश्र प्रतिमान (सगळ्या गाईंचे वक्र एकत्र बसवणारी पद्धत) बरे. ते कळपाच्या सरासरीचा आधार घेते आणि चार आकड्यांवरून भलताच वक्र ओढत नाही.