दगडावरचं जेवण आणि ताटातला मासा

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जेमतेम अर्धा मीटर रुंदीचा चुनखडीचा एक रंगवलेला पट आहे. इजिप्तमधल्या गिझाच्या थडग्यातला, खुफू राजाच्या काळातला, म्हणजे साडेचार हजार वर्षांहून जुना. बिबट्याचं कातडं ल्यालेली राजकन्या नेफेरतिआबेत चौरंगावर बसली आहे आणि तिचा हात समोरच्या टेबलाकडे गेलाय. टेबलावर पावाचे अर्धे अर्धे तुकडे ओळीने उभे आहेत. पाव असे उभे कोण मांडतं? पण आडवे काढले असते तर एकामागे एक लपले असते, आणि या कलेत जे दिसत नाही ते मिळतही नाही. आजूबाजूला धूप, अंजन, अंजीर, वाईन यांची नावं कोरली आहेत.

मेल्यावरही माणसाचा ‘का’, म्हणजे त्याची जीवशक्ती, उरते आणि तिला भूक लागते, असं इजिप्तचे लोक मानत. त्यासाठी जमिनी लावून दिल्या जात, पुजारी नेमले जात. नैवेद्य दाखवून झाला की तो पुजाऱ्यांच्याच पोटात जाई. पण दोन-चार पिढ्यांनी कोण येणार? हा हिशेब त्यांनी आधीच केला होता. म्हणून अन्न दगडात कोरलं आणि सोबत मंत्र: हजार पाव, हजार बिअर, हजार बैल, हजार पक्षी. ‘हजार’साठी चित्रलिपीत कमळाचं रोपटं काढत, त्यामुळे शिल्पकाराला हजार काय आणि एक काय, कष्ट सारखेच. काही थडग्यांवर तर वाटसरूंना विनवणी आहे की जाताजाता एवढे शब्द म्हणा, तुमचा फक्त श्वास खर्च होईल. मला हा व्यवहारीपणा फार आवडतो.

कोरलेलं खरं होतं, हा विश्वास किती पक्का होता? काही दफनकक्षांत लिपीतले साप, सिंह मुद्दाम तोडून किंवा अर्धवट कोरले आहेत. मृताला चावले तर!

नैवेद्याच्या याद्या पुढे ठरीव झाल्या आणि नव्वदेक पदार्थांपर्यंत गेल्या. त्यांत मासा जवळपास नसतोच. गंमत म्हणजे सक्कारा इथल्या दफनभूमीत ‘ती’ नावाचा अधिकारी आणि मेरेरुका नावाचा वजीर यांच्या थडग्यांत मासेमारीची दृश्यं भिंतीभर आहेत. मासा पकडायचा, पण मृताच्या टेबलावर ठेवायचा नाही.

प्रत्यक्षातलं ताट मात्र वेगळं होतं. सक्कारालाच पुरातत्त्वज्ञ वॉल्टर एमरी यांना दुसऱ्या राजवंशातल्या एका वयस्कर बाईचं थडगं सापडलं. शवपेटीशेजारी पूर्ण जेवण वाढून ठेवलेलं: जवाची पेज, डोकं काढून शिजवलेला मासा, कबुतराचा रस्सा, पंखाखाली डोकं खोचलेला लावा पक्षी, बैलाच्या फासळ्या, तिकोनी पाव, शिजवलेले अंजीर, चीज. दातांवरून कळलं की बाई हयातभर तोंडाच्या एकाच बाजूने चावत होती. तिच्यासाठी एवढं मांडणाऱ्यांनी यादी बघितली नसावी, तिला काय आवडतं ते बघितलं असावं.

पावाचंही तसंच. थडग्यांत मिळालेल्या पावांचे कण पुरातत्त्व-संशोधक डेल्वेन सॅम्युएल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. उष्णतेने आणि मोड आल्याने स्टार्चच्या कणांचे आकार बदलतात. त्यावरून धान्य मोडवलं होतं का, ते कसं शिजवलं, हे ओळखता येतं. आणि गहू कोणता? एमर, म्हणजे सांगली-साताऱ्याकडे आजही पिकणारा आपला खपली.

मांसाबाबत २०१३ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. राणी तियेचे आईवडील युया आणि तुया यांच्या थडग्यातल्या बैलाच्या फासळ्यांना पिस्त्याच्या जातीच्या झाडाची राळ लावलेली होती. ही राळ बाहेरून आणावी लागे, महाग असे. मेलेल्यांच्या जेवणाचीही ममी करायची, तीही उंची मसाल्यात!

अन् मासा? देर-अल-मदिना या थडगी बांधणाऱ्या कारागिरांच्या गावातला बांधकामप्रमुख खा आणि त्याची बायको मेरित यांचं थडगं १९०६ साली जसंच्या तसं सापडलं. त्यातले बंद रांजण इटलीतल्या तुरीनच्या संग्रहालयात आहेत. पिसा विद्यापीठाच्या रसायनतज्ज्ञांनी ते फोडले नाहीत. प्लास्टिकच्या पिशव्यांत काही दिवस ठेवून आत जमलेली हवा वस्तुमान वर्णपटमापकात, म्हणजे रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रात, तपासली. काही रांजणांतून मधमाश्यांच्या मेणाचे अंश आले, काहींतून फळांचे. आणि काहींतून ट्रायमिथाइलअमाइन, म्हणजे सुक्या मासळीचा वास, तब्बल ३,४०० वर्षांनंतरही.