पहिली लिपी, दुसरी लिपी आणि हरवलेला उपवन तलाव

मासुंदा दिसत होता. कचराळी दिसत होता. उपवन मात्र गायब, आणि रायलादेवीच्या जागी फाटक्या चित्राची ती छोटीशी खूण.

ठाण्यातल्या तलावांचे फोटो आणि नोंदी आम्ही काही मित्रमंडळी गेली बरीच वर्षं एका वेबसाइटवर जमवतो आहोत. कुणी मे महिन्यात पाणी किती खाली गेलं ते टिपतं, कुणी काठावरची झाडं मोजतं, कुणी घरच्या अल्बममधला तलावपाळीचा कृष्णधवल फोटो स्कॅन करून पाठवतं. जुना सर्व्हर बंद होणार होता, म्हणून सगळा संसार खाडीपलीकडे, नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमधल्या नव्या सर्व्हरवर हलवला. त्या रात्रीची ही गोष्ट. एकही फाइल हरवली नव्हती. फोल्डर उघडून पाहिलं तर उपवनचा फोटो जागच्या जागी होता. पानाला तो सापडत नव्हता.

कारण कळलं तेव्हा मला शाळेतली इंग्रजीची वही आठवली. मराठी शाळेत आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं आणि सुरुवातीचे दिवस लिप्या गिरवण्यात गेले. पहिली लिपी म्हणजे मोठी अक्षरं, दुसरी लिपी म्हणजे छोटी. अक्षर एकच, रूपं दोन, असं बाईंनी सांगितलं आणि आम्ही ते कायमचं मानून टाकलं. फोटोच्या फाइलचं नाव रोमन लिपीत होतं, पहिलं अक्षर मोठा 'यू'. पानावर त्याच फाइलचा पत्ता लिहिताना आमच्यातल्या कुणीतरी छोटा 'यू' टाइप केला होता. जुना सर्व्हर विंडोजवर चालायचा, त्याला दोन्ही सारखेच. नवा लिनक्सवर चालतो. त्याच्या लेखी ही दोन नावं तितकीच वेगळी, जितकी उपवन आणि मासुंदा.

संगणकाला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो. रोमन अक्षरांना आकडे वाटून देणारी 'आस्की' नावाची पद्धत १९६३ साली जाहीर झाली तेव्हा तिच्यात छोटी अक्षरं नव्हतीच. त्यांच्या जागा रिकाम्या होत्या, त्या १९६७च्या आवृत्तीत भरल्या गेल्या. मोठ्या 'ए'ला ६५, छोट्या 'ए'ला ९७. मोठ्या 'बी'ला ६६, छोट्याला ९८. सव्वीसही जोड्यांत फरक नेमका ३२चा. हा योगायोग नाही. शून्य आणि एक वापरून लिहिलं तर ६५ म्हणजे १०००००१ आणि ९७ म्हणजे ११००००१. सात घरांपैकी एका घरातला शून्य एक झाला की मोठं अक्षर छोटं होतं. ही मांडणी मला फार सुंदर वाटते. पण त्याच मांडणीचा दुसरा अर्थ असा की मोठा आणि छोटा 'ए' हे यंत्रासाठी दोन निराळे आकडे आहेत. ते 'एकच अक्षर' आहेत हे ज्ञान आकड्यांत नाही, आपल्या डोक्यात आहे. १८५३च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी जिथे आली, त्या ठाण्याच्या इंग्रजी नावाच्या शेवटी पूर्वी 'ए' लिहीत, आज 'ई' लिहितात. वाचणाऱ्याला गाव एकच कळतं. संगणकाला ते वेगळं सांगावं लागतं, आणि कुणी, कधी सांगायचं यावर प्रत्येक प्रणालीने आपापला निर्णय घेतला आहे.

बेल लॅब्ज या संशोधनशाळेत १९६९च्या सुमारास युनिक्स ही संगणकप्रणाली आकाराला येऊ लागली. तिच्या कर्त्यांनी हा प्रश्न स्वतःकडे घेतलाच नाही. तिथे फाइलचं नाव म्हणजे बाइट्सची, म्हणजे आकड्यांची, एक माळ. तिच्यात तिरपी रेघ आणि शून्य हा बाइट एवढे दोनच चालत नाहीत. बाकी काहीही लिहा, माळ तंतोतंत जुळली तरच फाइल तीच. १९९१मध्ये आलेल्या लिनक्सने हाच वारसा घेतला. उलट विंडोजच्या आधीच्या, १९८१च्या डॉस या प्रणालीत नावं मोठ्या अक्षरांतच साठवली जात, बिंदूआधी आठ आणि बिंदूनंतर तीन. पुढे विंडोजने तुम्ही लिहिलेलं रूप जपायला सुरुवात केली, पण शोधताना मोठं-छोटं पाहायचं नाही ही जुनी सवय ठेवली. मॅकही मुळात असाच वागतो.

विंडोजचा मार्ग माणसाळलेला वाटतो, पण तो सोपा नाही. 'छोटं करा' म्हणजे नेमकं काय करा, हे भाषेवर ठरतं. तुर्की भाषेत 'आय' दोन आहेत, टिंबवाला आणि बिनटिंबाचा, आणि दोघांनाही मोठं-छोटं रूप आहे. म्हणून आपण ज्या मोठ्या 'आय'चा छोटा टिंबवाला 'आय' करतो, त्याचा तुर्की माणूस बिनटिंबाचा करतो. जर्मनमधल्या एका विशिष्ट 'एस'ला मोठं रूपच नव्हतं, त्याच्या जागी दोन मोठे 'एस' लिहीत. अधिकृत मोठं रूप मिळालं ते २०१७ साली. हे घोळ टाळायला विंडोजची फाइलव्यवस्था कोणत्या अक्षराचं मोठं रूप कोणतं, याचा तक्ताच डिस्कवर बाळगते. हे वाचल्यावर लिनक्सचा काटेकोरपणा मला हट्ट वाटेनासा झाला.

वेबच्या पत्त्यात तर दोन्ही नियम शेजारी नांदतात. वेबसाइटचं नाव कुठल्याही लिपीत टाइप करा, पहिल्या की दुसऱ्या, ते एकच मानलं जातं. त्यानंतरची तिरपी रेघ ओलांडली की पुढचं सगळं त्या त्या सर्व्हरच्या मर्जीवर.

आमच्याकडे मोठी अक्षरं शिरली कुठून, हेही पाहिलं. बरीचशी कॅमेऱ्यातून. डिजिटल कॅमेऱ्यांनी पाळायचा फाइलनावांचा जो ठरलेला नियम आहे, तो डॉसच्या वळणाचा आहे: आठ खुणा, अक्षरं मोठी. म्हणून कॅमेऱ्यातल्या फोटोच्या शेवटचं 'जेपीजी' मोठ्या लिपीत येतं. विंडोज ही शेपटी सहसा लपवून ठेवतं. मग लिहिणारा ती अंदाजाने टाइप करतो, आणि अंदाज नेहमी दुसऱ्या लिपीचा.

सगळी नावं छोट्या अक्षरांत आणायची असं ठरलं. एकेक नाव हाताने बदलणं शक्य नव्हतं, छोटा प्रोग्रॅम लिहून घाऊक बदलायची होती. लिनक्सवर फाइलींची नावं छोटी करायला दोन-तीन ओळी पुरतात. मी त्या लिहिल्या, पण चालवल्या नाहीत.

कारण मधल्या आठवड्यात मंडळींनी दिसेनासे झालेले फोटो भराभर पुन्हा चढवले होते, या वेळी छोट्या अक्षरांत. लिनक्सच्या एकाच फोल्डरमध्ये मोठ्या 'यू'चं उपवन आणि छोट्या 'यू'चं उपवन सुखाने राहतात. खुद्द लिनक्सच्या मूळ प्रोग्रॅममध्येच नेटवर्कच्या भागात अशा जोड्या आहेत, आणि तो प्रोग्रॅम विंडोज किंवा मॅकच्या साध्या फोल्डरमध्ये उतरवला की त्यातली एक फाइल दुसरीवर पडते. आमच्याकडेही तेच झालं असतं. नाव बदलणारी आज्ञा, विचारायला सांगितलं नसेल तर, आधीच्या फाइलवर निमूटपणे दुसरी लिहिते. म्हणून आधी सगळ्या नावांची नुसती यादी केली, ती कागदोपत्री छोटी केली आणि कोणती नावं दोनदा येतात ते पाहिलं. तीन जोड्या निघाल्या. दोन खरोखर त्याच फोटोच्या प्रती होत्या. तिसऱ्या जोडीत एक उपवन मे महिन्यातलं होतं, भेगाळलेल्या काठाचं, आणि दुसरं ऑगस्टमधलं, काठोकाठ. यादी न करता प्रोग्रॅम चालवला असता तर तो उन्हाळा गेला असता, आणि गेल्याचं कुणाला कळलंही नसतं.

नावं हा अर्धाच भाग. पानापानांवर त्या नावांचे जे उल्लेख आहेत, तेही बदलायला हवेत, आणि खरी जोखीम तिथे आहे. वेबसाइटची एक प्रत काढून तिच्यावर मी सरळसोट प्रयोग केला: लिंकमध्ये जे जे आहे ते सगळं छोटं. फोटो दिसले, पण मासुंदाच्या पानावर लावलेला यूट्यूबचा व्हिडिओ मेला. यूट्यूबच्या व्हिडिओची ओळख अकरा खुणांची असते. तिच्यासाठी ६४ चिन्हं वापरली जातात: २६ मोठी अक्षरं, २६ छोटी, १० अंक आणि वर दोन. तिथे मोठं-छोटं हाच मजकूर असतो. छोटं केलं की ६४ चिन्हांतली २६ नाहीशी होतात आणि उरते ती दुसऱ्याच कुठल्या, बहुधा नसलेल्याच व्हिडिओची ओळख. विकिपीडियाच्या लेखांचंही असंच, पहिलं अक्षर सोडलं तर पुढे मोठं-छोटं मोजलं जातं. आपल्या सर्व्हरवर काय एक मानायचं ते आपण ठरवू शकतो. दुसऱ्याच्या पत्त्यावर तो अधिकार आपल्याला नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेला उलट बाजूने सुरुवात केली. आमच्या फाइलींच्या खऱ्या यादीतून एक शब्दकोश तयार केला, डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवं. प्रोग्रॅम प्रत्येक लिंक उचलायचा, ती आमच्याच घरातली आहे का पाहायचा, तिचं छोटं रूप यादीतल्या फाइलशी जुळलं तरच बदलायचा, नाही तर हात लावायचा नाही. न जुळलेल्या लिंक एका बाजूला काढून ठेवायचा. ती काढून ठेवलेली यादी मला सगळ्यात उपयोगी पडली, कारण कित्येक वर्षं मोडून पडलेले, कुणाच्या लक्षात न आलेले दुवे त्यात सापडले.

एक जण हेच काम घरच्या विंडोज लॅपटॉपवर करू पाहत होता. बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'गिट'ला नावातला बदल दिसेचना, कारण खालची फाइलव्यवस्थाच दोन्ही नावं एक म्हणत होती. तिथे दोन उड्या घेतल्या की भागतं: आधी भलतंच तात्पुरतं नाव, मग हवं ते.

जुने पत्ते तसेच टाकून चालणार नव्हतं. ते कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये, कुणाच्या शाळेच्या प्रकल्पात जाऊन बसले आहेत. अपाची या सर्व्हरच्या प्रोग्रॅमला अशा चुका आपोआप दुरुस्त करणारं एक जोडसाधन आहे, पण ते प्रत्येक चुकलेल्या पत्त्यासाठी फोल्डर धुंडाळत बसतं. आमच्याकडे शब्दकोश तयारच होता. त्यावरूनच सर्व्हरला सांगितलं की जुनं नाव आलं तर '३०१', म्हणजे कायमचं स्थलांतर, असं उत्तर देऊन नव्या नावाकडे पाठव. पुढचे काही आठवडे '४०४'ची, न सापडलेल्या पत्त्यांची नोंदवही रोज वाचली. ती आटत गेली.

एक ओळ मात्र राहिली. रायलादेवीचा एक नवा फोटो, नाव मराठीत: 'दुसऱ्या काठावरून'. देवनागरीत पहिली-दुसरी लिपी नाही, म्हणून मी त्याकडे पाहिलंही नव्हतं. पानावरचं नाव आणि फाइलचं नाव डोळ्यांना हुबेहूब एक. शेवटी दोन्हींचे आकडे समोरासमोर मांडले. जगभरच्या लिप्यांना आकडे देणाऱ्या युनिकोडमध्ये आपल्या 'ऱ'ला स्वतःचा क्रमांक आहे, पण तोच 'ऱ' साधा 'र' आणि खाली वेगळा नुक्ता, म्हणजे टिंब, असाही लिहिता येतो. फोटो एका मैत्रिणीच्या जुन्या मॅकवरून आला होता, आणि मॅकची जुनी फाइलव्यवस्था अशी अक्षरं सुटी करूनच साठवायची. ही दोन रूपं एकच आहेत असं युनिकोड स्वतः सांगतं, त्यामुळे ती एका साच्यात आणणं सोपं गेलं. पण 'ऱ्य' लिहायची आणखी एक रीत आहे: साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा, शून्य रुंदीचा जोडक. ते दिसतं तसंच, पण त्याला युनिकोड समान मानत नाही. त्यासाठी शब्दकोशात आमचा वेगळा नियम घालावा लागला: 'दुसऱ्या', 'किनाऱ्यावर', 'पायऱ्या', कुठल्याही कीबोर्डवरून आले तरी एकच.

आता रायलादेवीच्या पानावर तो फोटो दिसतो. पलीकडच्या काठावरून काढलेला, सकाळचा, पाण्यावर अजून ऊन न पडलेला.