तुटलेली भुजा आणि रापणीची दोन टोकं

१ जूनपासूनची ६१ दिवसांची ट्रॉलरबंदी उठली, की आमच्या म्हापशाच्या मासळीबाजारात माणक्यांच्या, म्हणजे स्क्विडच्या, टोपलीत कधीतरी ऑक्टोपसही दिसतो. यंदा तो त्याआधीच मोबाईलवर पोचला. वाड्याच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. ताटलीत ऑक्टोपसची कापलेली भुजा वळवळते आहे, चमच्याला चिकटते आहे. खाली मजकूर: 'जीव गेला तरी आत्मा अडकून राहतो, खाणाऱ्याला दोष लागतो.' मी शाळेत जीवशास्त्र शिकवते म्हणून शेजारच्या काकींनी कुंपणापलीकडून विचारलं, "बाय, हे खरं काय गो?"

आत्म्याचं खरं नाही. भुजा वळवळते हे मात्र अगदी खरं, आणि त्यामागचं कारण मला त्या दोषाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी थोर वाटतं.

ऑक्टोपस हा मासा नव्हे, तो मृदुकाय प्राणी. म्हणजे तिसऱ्या, खुबे, शिनाणे या शिंपल्यांचा भाऊबंद. तिसरीला तर डोकंसुद्धा नसतं. आणि याच कुळात ऑक्टोपसकडे सुमारे ५० कोटी चेतापेशी आहेत. घरातल्या लहान उंदराच्या मेंदूत त्या ७ कोटींच्या आसपास असतात. आपला आणि ऑक्टोपसचा शेवटचा सामाईक पूर्वज ५० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी होऊन गेला, बहुधा किड्यासारखा एक साधा जीव. तिथून वाटा फुटल्या आणि दोन्हीकडे मोठी चेतासंस्था स्वतंत्रपणे उभी राहिली. ऑक्टोपसमध्ये जाणीव असेल, तर निसर्गाने ती निदान दोनदा घडवली आहे. या विचाराने मला आजही झोप लागत नाही.

त्या ५० कोटींपैकी जवळजवळ दोन तृतीयांश चेतापेशी आठ भुजांमध्ये असतात. असं का, हे समजायला आधी आपला हात बघा. त्यात हाडं आहेत, कोपर ठरलेल्या जागी आहे, त्यामुळे मेंदूला खांद्यापासून मनगटापर्यंत मोजक्याच हालचालींचा हिशेब ठेवावा लागतो. ऑक्टोपसच्या भुजेत हाड नाही. आपल्या जिभेसारखी ती नुसती स्नायूंची, कुठेही वाकणारी. प्रत्येक बिंदूचा कोन मेंदूने ठरवायचा म्हटलं, तर बिचारा खेकडा तोवर निघून जाईल.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या बिन्यामिन होखनर आणि सहकाऱ्यांनी हे कोडं बरंच सोडवलं. भक्ष्याकडे जाताना भुजेत एक वाक तयार होतो. मुळाकडून टोकाकडे स्नायू ताठ होत जाण्याची लाट येते आणि तो वाक पुढे ढकलते. २००१ मध्ये त्यांनी शरीरापासून वेगळ्या केलेल्या भुजेतल्या चेतारज्जूला विजेचा हलका झटका दिला. ती भुजा जिवंत ऑक्टोपसची पुढे जाते तशीच उलगडत गेली. म्हणजे मेंदू सांगतो 'चल, त्या दिशेला'. कसं जायचं, ते भुजेलाच ठाऊक असतं. ताटलीतल्या वळवळीचं मूळ हेच. स्थानिक चेतापेशी अजून तग धरून असतात, इतकंच.

खरी गंमत पुढे आहे. पकडलेलं अन्न तोंडाशी नेताना हीच बिनहाडाची भुजा तात्पुरतं कोपर बनवते! आणि पकडलेली जागा व मूळ यांच्या साधारण मध्यावर बनवते. मध्य कोण मोजतं? कुणीच नाही. अन्न जिथे धरलं आहे तिथून स्नायूंची एक लाट मुळाकडे निघते, मुळाकडून दुसरी तिच्या दिशेने. दोघी जिथे भिडतात तिथे कोपर. किनाऱ्यावर रापण ओढताना बघा. दोन टोकांना दोन टोळ्या असतात आणि ओढता ओढता त्या एकमेकींकडे सरकतात. कुणी टेप घेऊन उभं नसतं, तरी जाळं मध्यावर मिटतं. ऑक्टोपसने अन्न भुजेच्या टोकाशी धरलं तर कोपर लांब पडेल, जवळ धरलं तर अलीकडे. गणित सोडवण्याचं काम लाटांनीच केलं.

मग आठ भुजांचे आठ स्वतंत्र जीव समजायचे का? नाही. २०११ मध्ये याच विद्यापीठातल्या प्रयोगात ऑक्टोपसने डोळ्यांनी पाहून एक भुजा चक्रव्यूहातल्या योग्य कप्प्यात घातली. मेंदूला हवं तेव्हा तो सूत्रं हाती घेतो.

एवढं अद्भुत समोर असताना लोक भविष्य सांगणाऱ्या पॉल नावाच्या ऑक्टोपसच्या मागे लागतात, याचं मला वाईट वाटतं. २०१० च्या विश्वचषकात त्याने आठही सामन्यांचे विजेते बरोबर 'सांगितले', आणि फुटबॉलवेड्या गोव्यातही त्याची चर्चा झाली. दोन संघांच्या दोन डब्यांतून एक निवडायचा, तर निव्वळ योगायोगाने आठ बरोबर येण्याची शक्यता २५६ मध्ये एक. जगात भाकितं करायला बसवलेले प्राणी किती होते, ते आठवा. चुकलेल्यांची बातमी होत नाही. ऑक्टोपसची अंडी अवकाशातून आली, असंही २०१८ मध्ये एका शोधनिबंधात सुचवलं गेलं. तिसऱ्यांशी त्याचं नातं त्याच्या जनुकांत स्पष्ट लिहिलेलं असताना हे कशाला?

काकींनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "तुटलेली भुजा ऱ्हावंदे. अख्ख्याला दुखतं काय?"

हाच खरा प्रश्न. चटका बसताच अंग मागे घेणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते, त्यात वेदना जाणवलीच असेल असं नाही. २०२१ मध्ये जीवशास्त्रज्ञ रॉबिन क्रूक यांनी ऑक्टोपसच्या भुजेत सौम्य ॲसिटिक आम्ल टोचलं आणि त्यांना त्यांच्या आधीच्या आवडत्या कप्प्यात ठेवलं. नंतर ते प्राणी तो कप्पा टाळू लागले. टोचलेल्या जागची कातडी ते चोचीने कुरतडून काढत. मग आणखी काहींना आम्ल टोचून, त्या जागी लिडोकेन दिलं, दातांचे डॉक्टर बधिर करायला हिरडीत देतात तेच, आणि दुसऱ्या एका कप्प्यात सोडलं. त्यांना तो कप्पा आवडू लागला. ज्यांना आम्ल टोचलंच नव्हतं, त्यांना लिडोकेन मिळूनही त्या कप्प्याचं काही अप्रूप वाटलं नाही. म्हणजे आवडला तो आराम, आणि आराम वाटायला आधी काहीतरी दुखत असावं लागतं.