लाईट जाते म्हणून इलेक्ट्रिक कार नको?

‘आपल्याकडं लाईटीचा भरवसा नाही, इलेक्ट्रिक गाडी दारातच उभी राहील,’ हे मराठवाड्यात पारावर हमखास ऐकू येतं. यात तथ्य कमीच. एमजी कॉमेट या छोट्या इलेक्ट्रिक कारचंच बघा: बॅटरी १७.३ युनिटची, पूर्ण रिकामी झाली तरी घरच्या चार्जरवर साधारण ७ तासांत भरते. पण रोज रिकामी करतो कोण? जालना ते छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटर. जाऊन-येऊनही चार्ज उरतो. मध्येच लाईट गेली तर चार्जिंग थांबतं एवढंच, भरलेलं कुठं जात नाही. खरी अडचण अर्थिंगची. जुन्या घरांत ते बऱ्याचदा धड नसतं, मग चार्जर लाल दिवा दाखवून अडून बसतो. आधी वायरमन बोलवा, मग शोरूम गाठा. जालन्याहून एका दमात पुणे? त्यासाठी मात्र ही गाडी नव्हे.