दिवसाचं घड्याळ वेगळं, दिवसमान वेगळं

म्हैस उन्हाळ्यात सहसा माजावर येत नाही आणि गाय बऱ्याचदा रात्रीच माज दाखवते. दोन्ही गोष्टी ‘उजेडाचा परिणाम’ म्हणून एकाच खात्यात टाकल्या जातात आणि उपायही एकच सांगितला जातो, रात्रभर बल्ब चालू ठेवा. हा सल्ला दोन्हीकडे चुकतो.

दैनिक घड्याळ पेशीत असतं. क्लॉक आणि बीमॅल-१ ही प्रथिनं पेर व क्राय जनुकं चालू करतात. त्यांची प्रथिनं साठली की तीच उलटून क्लॉक-बीमॅलला दाबतात. ही फेरी साधारण २४ तासांची. मेंदूतलं मुख्य घड्याळ डोळ्यांवाटे आलेल्या उजेडावर लागतं. बीजांडकोश, गर्भाशय, कास यांतही हीच फेरी चालते. बीमॅल-१ नसलेल्या मादी उंदरांत प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक कमी पडतं आणि गर्भ रुजत नाही, कारण ते संप्रेरक बनवायला लागणारं स्टार जनुक या घड्याळाच्या ताब्यात असतं. उंदरावरून गाईबद्दल जपूनच बोलावं. आणि २१ दिवसांचं ऋतुचक्र ही जनुकं मोजत नाहीत. ते पीतपिंड (बीज सुटल्यावर बीजांडकोशावर तयार होणारी गाठ) आणि गर्भाशयातलं प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरक ठरवतं.

दिवसमानाचा, म्हणजे दिवस किती लांब याचा, हिशेब वर्षाचा. अंधारात मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन हे संप्रेरक सोडते. रात्र मोठी तेवढा स्राव लांबतो. म्हैस आखूड दिवसांत खुलते, म्हणून आपल्याकडे माज मुख्यतः सप्टेंबर ते फेब्रुवारी. संकरित गाय बारमाही. दोन्हींचा गोंधळ होतो तो इथे: पिनियलला हुकूम मुख्य घड्याळाचाच जातो. मात्र उन्हाळ्यात नुसत्या दिवसमानाला दोष देऊ नका. सावली, डुंबायला पाणी आणि हिरवा चारा आधी बघा.

दुभत्या गाईला १६ तास उजेड (डोळ्यांच्या पातळीला १५०-२०० लक्स; लक्स हे उजेडाचं माप) आणि सलग ८ तास अंधार दिला तर दूध वाढतं. २४ तास दिवे ठेवले तर तो फायदा मिळत नाही. भाकड काळात उलट ८ तासच उजेड पुरे. गाभण राहावी म्हणून म्हशीच्या गोठ्यात हा १६ तासांचा प्रयोग करणं म्हणजे उलट्या दिशेला जाणं.

माज बघायला रात्री १० आणि पहाटे ५ ला फेरी मारा, मंद लाल उजेडात. सोट, म्हणजे माजात योनीतून येणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ हवा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. रात्रीची फेरी चुकली की मध्यरात्री सुरू झालेला माज ‘सकाळचा’ समजला जातो, रेतनाला उशीर होतो आणि गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते.